डॉक्टरांचे कागदात जाणारे तास कमी कसे करायचे: छोट्या हॉस्पिटलवाल्यांसाठी

पुण्यात वीस-पंचवीस बेडचं हॉस्पिटल चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा की दिवसभरात सगळ्यात जास्त दमवतं काय, पेशंट असं उत्तर क्वचितच येतं. रात्रीची ओपीडी नऊ-साडेनऊला संपते, शेवटचा पेशंट जातो, रिसेप्शनवाली घरी जाते, आणि सर किंवा मॅडम अजून केबिनमध्येच, कारण टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या एजन्सीच्या) दोन क्वेऱ्या आल्यात, उद्याच्या डिस्चार्ज समऱ्या वाचायच्यात, इनडोअर पेपरवर सह्या राहिल्यात, कुणाला तरी कंपनीत द्यायला फिटनेस हवंय आणि नर्सिंग होम रिन्यूअलच्या फाईलमध्ये एक कागद कमी पडलाय. मी हॉस्पिटल ॲडमिनमध्ये काम करते, सिंहगड रोड, कोथरूड, हडपसर या बाजूच्या छोट्या हॉस्पिटलांमध्ये हेच बघत आलेय, म्हणून जे खरंच उपयोगी पडतं ते इथे सविस्तर लिहितेय. मालक डॉक्टरांनी वाचा, आणि मॅनेजर, टीपीए डेस्क, इन्चार्ज सिस्टर यांनाही वाचायला द्या, कारण यातलं निम्मं काम त्यांच्याच हातात आहे.

कागद नकोतच असं मी अजिबात म्हणत नाहीये. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल दिला, तेव्हापासून काही वाद झाला तर फाईलमध्ये जे लिहिलंय तेच डॉक्टरांच्या बाजूने बोलतं, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही असंच समोरचा वकील म्हणणार. त्यामुळे लिहायचं तर आहेच. पण त्यातलं डॉक्टरांनीच लिहावं असं किती, दुसरं कुणी नीट करू शकेल असं किती, आणि कुणीच करायची गरज नाही असं किती, हे वेगळं काढायला आपण कधी बसतच नाही आणि सगळंच्या सगळं सरांच्या टेबलावर जाऊन पडतं.

आधी एक आठवडा मोजा

मोजल्याशिवाय काही बदलायला घेऊ नका. वेळ कुठे जातो हे प्रत्येकाला माहिती असतं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं, सरांना वाटतं टीपीए, टीपीए डेस्कवाल्याला वाटतं सर फाईल लिहीत नाहीत, सिस्टरला वाटतं आरएमओ (वॉर्डात ड्युटीवर असणारे डॉक्टर) नोट्स अर्धवट सोडतात.

मोजायचं काम मात्र डॉक्टरांवर टाकू नका, नाहीतर तो अजून एक फॉर्मच झाला. केबिनच्या बाहेर जी मुलगी किंवा मुलगा बसतो त्याला एक ए-फोर कागद द्या, रकाने पाडा: सही, क्वेरी, सर्टिफिकेट, समरी, सरकारी माहिती, फोन-व्हॉट्सॲप. सोमवार ते शनिवार, कुणीही कागद किंवा निरोप घेऊन आत गेलं की त्या रकान्यात एक रेघ. आणि त्या वेळी आत पेशंट बसलेला असेल तर त्या रेघेला गोल. रोज रात्री शेवटचा पेशंट बाहेर पडला ती वेळ आणि डॉक्टर निघाले ती वेळ, एवढं खाली लिहायचं, बास.

आठवड्याने आधी ते गोल मोजा, कारण खरं नुकसान तिथे आहे. एखादे काका छातीत कसं दुखतं ते सांगतायत, चालताना दुखतं का जेवल्यावर, हात भरून येतो का, आणि तेवढ्यात दार उघडून "सर, फक्त एक सही" होतं. सही दहा सेकंदात होते पण धागा तुटतो, सर तोच प्रश्न परत विचारतात, काकांना वाटतं आपलं ऐकतच नव्हते, आणि एखाद्या दिवशी त्या गडबडीत गोळीचा डोस चुकीचा लिहिला जातो. हा वेळ कुठल्याच हिशोबात दिसत नाही पण पेशंटच्या तपासणीतून तोच कापला जातो.

हे फक्त आपलंच दुखणं नाहीये. अमेरिकेत २०१६ साली ५७ डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या वेळेची नोंद केली होती, तर ओपीडीच्या दिवसातला प्रत्यक्ष पेशंटबरोबरचा वेळ निघाला २७ टक्के आणि कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामाचा ४९ टक्के, वर घरी जाऊन रात्री तास-दोन तास आणखी. त्यांच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर गेलंय, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आधी हाताने लिहायचं आणि मग तेच कॉम्प्युटरवर चढवायचं असं दोन्ही चालू आहे.

मग तीन ढीग करा

मोजून झालं की एक शनिवार दुपार काढा, मागच्या आठवड्यात डिस्चार्ज झालेल्या एका पेशंटची अख्खी फाईल घ्या, तिची पानं सुटी करून टेबलावर पसरा आणि मालक डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, एक आरएमओ आणि टीपीएवाला असे चौघं बसा. प्रत्येक कागद उचलून एकच विचारायचं, हा कायद्याने लागतो, पैसे मिळायला लागतो, का आपण सवयीने भरतो? तीन ढीग.

सवयीचा ढीग बघून तुम्हाला धक्का बसेल. पेशंटचं नाव, वय, आयपीडी नंबर हाताने किती वेळा लिहिलंय ते त्या फाईलमध्ये नुसतं मोजा. तेच बीपी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर, तेच नर्सिंग नोटमध्ये, तेच आयसीयू शीटवर. ॲडमिशनचा रजिस्टर हाताने आणि सॉफ्टवेअरमध्येही. कधीतरी इन्स्पेक्शनला कुणी काहीतरी विचारलं म्हणून सुरू केलेला फॉर्म, कुणी विचारलं आणि नक्की काय विचारलं ते आता कुणालाच आठवत नाही. काही ठिकाणी तर ॲडमिशनच्या सेटमध्ये कोविडच्या वेळचं डिक्लरेशन अजून छापून येतंय आणि नातेवाईक इमानदारीत सही करतायत.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या एका हॉस्पिटल ग्रुपने २०१७ मध्ये नेमकं हेच केलं होतं, त्यांनी स्टाफलाच विचारलं की रेकॉर्ड लिहिताना कुठली गोष्ट तुम्हाला बिनकामाची वाटते ते सांगा. नर्सेसनी सांगितलं की दर तासाला प्रत्येक पेशंटपाशी जाऊन आलो याची जी टिक करावी लागते तिचा पेशंटला काहीच उपयोग नाही. एका टिकला साधारण २४ सेकंद जायचे. ती काढली तर त्यांच्या चार हॉस्पिटलांत मिळून महिन्याला नर्सेसचे सुमारे १७०० तास वाचले. एका टिकमध्ये एवढा वेळ अडकलेला असतो.

तुमच्याकडे करायचं ते साधं आहे. पेशंटच्या नावाचे स्टिकर ॲडमिशनलाच छापून फाईलला लावून ठेवा, प्रत्येक पानावर एक चिकटवा, नाव लिहिणं बंद. एक नोंद एकाच जागी, दुसऱ्या जागेचा रकाना छापतानाच काढून टाका, रकाना शिल्लक राहिला की कुणीतरी तो भरणारच. आणि सवयीच्या ढिगातला कागद बंद करताना तारीख टाकून लिहून ठेवा की हा का बंद केला आणि ती माहिती आता कुठे मिळते, म्हणजे एनएबीएचच्या (हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) ऑडिटला कुणी विचारलं तर सिस्टर घाबरून परत तो सुरू करणार नाहीत. एनएबीएचला नोंद हवी असते, तारीख, वेळ, नाव आणि सहीसकट हवी असते, पण तीच नोंद तीन ठिकाणी करा असं ते कुठेच म्हणत नाहीत.

कायद्याच्या ढिगाला हात लावू नका, पण हात बदला

इथे शॉर्टकट मारायचा नाही, हे अगदी कळकळीने सांगतेय. जे बदलायचंय ते कोण करणार आणि कधी करणार, एवढंच.

सगळ्यात नाजूक म्हणजे सोनोग्राफीचा एफ फॉर्म. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा कायदा १९९४ चा, आणि त्यात गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या रेकॉर्डमधली त्रुटीसुद्धा कायद्याचा भंग धरली जाते, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी डॉक्टरांची. डॉक्टरांच्या संघटनेने हे कोर्टात आव्हान दिलं होतं पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तरतूद कायम ठेवली. म्हणजे पत्त्याचा रिकामा रकाना हासुद्धा गंभीर विषय आहे. कायदा ज्या कारणासाठी आलाय ते कारण महाराष्ट्राला चांगलंच माहितीये, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. करायचं काय, तर नाव, पत्ता, आधीची मुलं, शेवटच्या पाळीची तारीख, ओळखपत्राची कॉपी, रेफरन्स चिठ्ठी हे सगळं ट्रेनिंग दिलेल्या एकाच माणसाने पेशंट आत जायच्या आधी पूर्ण करायचं, पेशंटचं डिक्लरेशन तिला तिच्या भाषेत वाचून दाखवून मग सही घ्यायची, आणि डॉक्टरांनी प्रोब हातात घ्यायच्या आधी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा. रिझल्ट आणि स्वतःचं डिक्लरेशन डॉक्टरांनी तिथल्या तिथे, पुढचा पेशंट टेबलावर यायच्या आत. संध्याकाळी सगळे एकदम भरू म्हटलं की चुका होतात आणि वेळही दुप्पट जातो. महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत जायला हवा, तर २ तारखेलाच त्या माणसाने तो डॉक्टरांसमोर ठेवायचा.

दुसरा कागद मृत्यूच्या कारणाचा, हॉस्पिटलमधल्या मृत्यूला फॉर्म ४. हा कुणाकडेच देता येत नाही, डॉक्टरांनीच लिहायचा, आणि इथे घाई केली तर वेळ वाचत नाही उलट वाढतो. कारणात नुसतं कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिहून देतात, पण हृदय आणि श्वास थांबणं हे मरण्याचं कारण नाही, ते तर प्रत्येकाचंच होतं. शेवटचं कारण, ते कशामुळे, आणि ते मुळात कशामुळे, अशा क्रमाने लिहायचं असतं. नीट लिहिलं नाही की पुढे इन्शुरन्सच्या क्लेमला घरचे अडकतात, दुःखातली माणसं तेराव्यानंतर परत तुमच्या दारात येतात, मग जुनी फाईल काढा, पत्र द्या. पाच मिनिटं जास्त घ्या आणि पहिल्यांदाच बरोबर लिहा.

बाकीच्या गोष्टी तारखांच्या आहेत आणि त्यात डॉक्टरांचं डोकं लागायचं काहीच कारण नाही. भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा. फायरचा बी फॉर्म (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सवाल्या एजन्सीकडून. बायोमेडिकल वेस्टचा वार्षिक रिपोर्ट प्रदूषण नियंत्रण मंडळाला ३० जूनपर्यंत. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत. एक्स-रे मशीन असेल तर एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं. नर्सिंग होमचं महापालिकेतलं रिन्यूअल. आणि डॉक्टरांचं स्वतःचं मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दर ५ वर्षांनी, ३० क्रेडिट पॉइंट्ससकट, हे पॉइंट्स शेवटच्या वर्षी धावपळ करून गोळा करण्यापेक्षा टिळक रोडला आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेत किंवा इतर कुठे सीएमईला (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमाला) गेलात की सर्टिफिकेट त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. प्रत्येक तारखेच्या दीड महिना आधी कॅलेंडरवर लाल खूण करा, कारण रिन्यूअलला बसलं की एक कागद दुसऱ्या कागदाला अडकलेला असतो, हे सर्टिफिकेट हवं तर आधी ते आणा, असं. एका एरियातल्या चार-पाच छोट्या हॉस्पिटलांनी मिळून याच्यासाठी एक अनुभवी माणूस ठेवला तर प्रत्येकाला परवडतो, मी असं चाललेलं बघितलंय आणि छान चालतं.

पेशंटने रेकॉर्डची कॉपी मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमातच आहे. ही मागणी सरळ रेकॉर्डवाल्याकडे जाऊ दे, अर्ज घ्या, रजिस्टरला नोंद करा, कॉपी द्या, पोच घ्या. "सरांना विचारून सांगतो" म्हणून पेशंटला चार चकरा मारायला लावू नका, चिडलेला नातेवाईक शेवटी सरांचाच अर्धा तास खातो.

आणि साथीच्या वेळेचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन बारी सिंड्रोम, नसांच्या आजाराचे) पेशंट वाढले तेव्हा पेशंट घरी पाणी कुठलं वापरतो इथपासून माहिती लागत होती. अशी माहिती द्यायलाच हवी, त्यातूनच साथ कुठून आली ते कळतं. पण रोज वेगवेगळ्या ठिकाणाहून फोन येतात आणि प्रत्येक वेळी डॉक्टर फाईल उघडून बसतात हे थांबवता येतं. पहिल्या पेशंटपासून एकच शीट करा: नाव, वय, पत्ता, लक्षणं सुरू झाली ती तारीख, ॲडमिशन, सॅम्पल कधी पाठवलं, पाणी कुठलं, आजची तब्येत. रोज दुपारी ठरलेल्या वेळी आरएमओने अपडेट करायची, जो मागेल त्याला तीच शीट. टीबीच्या पेशंटचंही तसंच, नोंद २०१२ पासून प्रायव्हेटवाल्यांनाही सक्तीची आहे, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर कोण भरणार त्या माणसाचं नाव ठरलेलं पाहिजे.

पैशाचा ढीग: टीपीए आणि योजना

सगळ्यात जास्त वेळ इथेच परत मिळतो म्हणून इथे नीट थांबा.

तुमच्या मागच्या काही महिन्यांच्या टीपीए क्वेऱ्या काढून वाचा. निम्म्याहून जास्त क्वेऱ्या त्याच त्या निघतील. डायबेटिस आणि बीपी किती वर्षांपासून आहे, पहिल्यांदा कधी निदान झालं त्याचा कागद द्या, ही तक्रार कधीपासून, दारू-तंबाखू आहे का, पडला तर कसा पडला, कुठे पडला, एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) केली का, ॲडमिशनची गरज काय होती, ओपीडीवर का नाही झालं. सगळी उत्तरं ॲडमिशनच्या वेळी पेशंट आणि नातेवाईक समोर असताना दोन मिनिटांत मिळतात आणि तीन दिवसांनी त्याच उत्तरांसाठी सरांना लेटरहेडवर सर्टिफिकेट लिहावं लागतं.

म्हणून ॲडमिशन नोटच बदला. पहिल्या पानावर हे प्रश्न छापूनच घ्या आणि आरएमओला सांगा की एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, माहिती नसेल तर नातेवाईकांना माहिती नाही असं लिहायचं. डायबेटिस आहे एवढं नको, "डायबेटिस अंदाजे ६ वर्षं, गोळी चालू, कुठली" असं हवं. आणि जे पेशंटने सांगितलं तेच लिहायचं, क्लेम पास व्हावा म्हणून वर्षं कमी करायची नाहीत, नातेवाईक कितीही हात जोडू देत. त्यात डॉक्टरांची सही अडकते, आणि खोटं एकदा सापडलं की पुढच्या प्रत्येक खऱ्या फाईलवर शंका घेतली जाते. "ॲडमिशनची गरज" ही ओळ मात्र कन्सल्टंटने स्वतः पहिल्याच राऊंडला लिहायची, दोन वाक्यं, ऑक्सिजन किती होतं, शिरेतून काय द्यावं लागलं, घरी ठेवण्यात धोका काय होता.

आता डिस्चार्ज. सर सकाळी राऊंडला म्हणतात, आज घरी जा. नातेवाईक भोरहून, मुळशीहून गाडी करून आलेले असतात, दहापासून बिलिंगच्या खिडकीशी उभे, आणि समरी लिहायला घेतात साडेबाराला कारण सर ओटीमध्ये. विमा नियामकाने २०२४ मध्ये नियम केलाय की कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचं फायनल हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासून ३ तासांत, उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. पण ते घड्याळ तुम्ही कागद पाठवल्यावर सुरू होतं. आधीचे तीन तास आपल्याच घरात जातात आणि शिव्या टीपीएला बसतात.

उपाय असा की समरी डिस्चार्जच्या दिवशी लिहायचीच नाही. ॲडमिट केल्यावर पहिल्या दिवशीच आरएमओने समरीची फाईल उघडायची, नाव, तक्रार, हिस्टरी, ॲडमिशनची स्थिती त्या दिवशीच भरायची, रोज राऊंडनंतर दोन ओळी आणि नवे रिपोर्ट जोडायचे. आदल्या संध्याकाळच्या राऊंडला सरांनी उद्या जाणाऱ्यांची नावं सांगायची, रात्रीच्या आरएमओने मसुदा पूर्ण करायचा, आणि सरांनी फक्त तीन गोष्टी वाचायच्या: निदान, उपचारात काय घडलं, आणि घरी गेल्यावर काय करायचं. औषधं सिस्टरने चार्टशी ताडून बघायची. सकाळी राऊंडला पेशंट बघून घरी जाऊ द्यायचं पक्कं झालं की समरीवर सही होते, दहाला कागद टीपीएकडे. हे बसवायला पहिले दोन आठवडे त्रास होतो, आरएमओ कुरकुर करतात, मग मात्र दुपारची ती खिडकीवरची भांडणं कमी होतात आणि बेडही लवकर मोकळा होतो.

महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचे पेशंट घेत असाल तर अजून एक करा. कुठल्या पॅकेजला कुठले रिपोर्ट, कुठले फोटो आधी आणि कुठले नंतर लागतात याची यादी तुम्ही नेहमी करता त्या ऑपरेशन्सपुरती काढून आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाच्या) टेबलाजवळ आणि ओटीच्या दाराला लावा. ऑपरेशन झाल्यावर आधीचा फोटो मागता येत नाही. बाकी अपलोडचं काम कुठल्याही हुशार पोराला आठवड्यात जमतं.

सह्या, सर्टिफिकेटं आणि व्हॉट्सॲप

सहीला दिवसात दोन वेळा ठरवा, सकाळचा राऊंड झाल्यावर आणि संध्याकाळच्या ओपीडीच्या आधी. सगळं एका फोल्डरमध्ये, जिथे सही हवी तिथे खुणेची पट्टी, वर एका ओळीत कशाचा कागद आहे ते. मधल्या वेळात दार उघडायचं फक्त मृत्यू, एमएलसी, रक्त, इमर्जन्सीत पेशंट दुसरीकडे पाठवणं एवढ्यासाठी. रात्री दोनला ससून किंवा वायसीएमसारख्या मोठ्या हॉस्पिटलला पेशंट हलवायचा असेल तर रेफरन्स लेटर एका पानाचा छापील नमुना तयार असू दे, काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, पोहोचल्यावर पुढच्या डॉक्टरला पहिलं तेच लागतं.

सर्टिफिकेटांसाठी मराठी-इंग्रजी चार-पाच नमुने तयार ठेवा, नंबर टाकून रजिस्टरला नोंद झालीच पाहिजे, तेही नियमातच आहे. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मिळणार नाही ही पाटी काउंटरलाच लावा, म्हणजे नाही म्हणायची वेळ डॉक्टरांवर येत नाही.

व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो चोवीस तास येत राहतात आणि ते कुणीच काम म्हणून मोजत नाही. तातडीचं असेल तर फोन, नसेल तर आरएमओने रात्री नऊला सगळ्या पेशंटचा एकच मेसेज. पेशंटचं नाव दिसणारे फोटो ग्रुपवर टाकणं बंद करा, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि तो नसता तरी पेशंटचा आजार बारा जणांच्या फोनमध्ये का असावा?

सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याचा डेमो बघून भुलू नका. तुमच्या आरएमओला बसवा आणि खऱ्या फाईलवरून एक ॲडमिशन, एक समरी करायला लावा, हाताने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला तर ते तुमच्यासाठी नाही. टेम्प्लेट जरूर वापरा पण कालची नोट कॉपी करून आज चिकटवणं कडक बंद ठेवा, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि समरीत उजवा असे घोळ तिथूनच होतात. आणि ओपीडीत टाईप करायला एक मदतनीस ठेवा. डॉक्टरांचे रोजचे दोन तास जात असतील तर महिन्याचे २६ दिवस धरून ५२ तास झाले, त्याची किंमत आणि एका मुलाचा पगार शेजारी शेजारी लिहून बघा.

मोकळ्या झालेल्या वेळात अजून अपॉइंटमेंट घुसवू नका, हे मालक डॉक्टरांना खास सांगायचंय. २०१७ मध्ये ६७ देशांचा अभ्यास आला होता, डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात याचा, बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. किती पेशंट बघितले यावर डॉक्टरांचं काम मोजलं तर आपण त्या ४८ सेकंदांच्या दिशेनेच जाणार. नीट ऐकून घेतलेला पेशंट त्याच तक्रारीसाठी परत येत नाही आणि उगाच तपासण्याही कमी लागतात. आरएमओ आणि रेसिडेंटच्या बाबतीत तर हे अजून महत्त्वाचं. रेसिडेंटची ड्युटी सलग १२ तासांच्या वर शक्यतो जाऊ नये हे १९९२ च्या केंद्राच्या योजनेत लिहिलंय, २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, आणि प्रत्यक्षात मुलं किती तास उभी असतात ते सगळ्यांना दिसतं. त्यांच्या तासांतले सॅम्पल पोहोचवणं, रिपोर्ट शोधणं, फॉर्म नेऊन देणं हे तास मामांचे (वॉर्डबॉयचे) किंवा क्लार्कचे आहेत, शिकणाऱ्या डॉक्टरचे नाहीत. युनिट हेडनी मनावर घेतलं तर एवढं तरी आजपासून थांबवता येतं.

दोन महिन्यांनी तोच ए-फोर कागद परत काढा आणि परत सोमवार ते शनिवार मोजा. गोल कमी झाले असतील. नसतील झाले तर बहुतेक वेळा कारण एकच सापडतं, काम दिलं पण अधिकार दिला नाही, त्यामुळे माणूस प्रत्येक गोष्ट विचारायला परत आतच येतो. मग सरांच्या सहीचं एक साधं पत्र करा आणि डेस्कच्या काचेखाली ठेवा: रेकॉर्डची कॉपी कोण देऊ शकतं, टीपीएच्या कुठल्या क्वेरीचं उत्तर फाईलमधून परस्पर द्यायचं आणि कुठलं डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पाठवायचं नाही, किती रुपयांपर्यंतची बिलाची दुरुस्ती मॅनेजर करू शकतो, सर ओटीमध्ये असताना कुणाला विचारायचं आणि तेही नसतील तर कुणाला. नावं लिहा, नुसती पदं नकोत, आणि स्टाफ बदलला की त्याच दिवशी पत्र बदला.